नेवाडा, युटा, ॲरिझोना: हजार मैल सुरळीत, काउंटरवर अडीच तास

बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, पण एवढं वाचा: अमेरिकेत भाड्याची गाडी ज्याच्या नावावर, क्रेडिट कार्डही त्याच्याच नावाचं लागतं. बायकोचं चालत नाही, मेहुण्याचं चालत नाही आणि आगाऊ डॉलर भरून नेलेलं फॉरेक्स कार्ड तर नाहीच नाही. हे गाडीच्या बुकिंगच्या व्हाउचरच्या तिसऱ्या पानावर बारीक अक्षरांत छापलेलं होतं. मी पहिल्या पानावरचा गाडीचा फोटो बघून पीडीएफ बंद केली होती.

व्हिसा, विमानाची तिकिटं यांवर काही लिहीत नाही. ते सगळं सुरळीत झालं. आम्ही चौघं, मी-बायको आणि मेहुणा-त्याची बायको. मार्ग असा: लास वेगास, झायन, ब्राइस कॅन्यन, पेज (हे ॲरिझोनातलं गाव), मॉन्युमेंट व्हॅली, ग्रँड कॅन्यनचा साउथ रिम म्हणजे दक्षिणेकडचा कडा आणि परत लास वेगास. नुसतं अंतर जेमतेम हजार मैल, म्हणजे सोळाशे किलोमीटर. आडवळणं धरून बाराशे मैल झाले. वर्तुळच का? एका शहरात घेतलेली गाडी दुसऱ्या शहरात सोडली तर वन-वे चार्ज लागतो. डेन्व्हरला घेऊन व्हेगासला सोडायचं गणित मी मांडून पाहिलं होतं, तेव्हा हा चार्ज आठवड्याच्या भाड्याच्या जवळपास गेला. घेतली तिथेच सोडायची, हे स्वस्त.

आता काउंटर.

व्हेगासला भाड्याच्या गाड्यांची इमारत विमानतळापासून वेगळी आहे, टर्मिनलवरून फुकट शटल बस जाते. पैसे पुण्यातूनच भरले होते, तेही बायकोच्या क्रेडिट कार्डावरून. ऑनलाइन भरताना कार्ड कोणाचं याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. देणंघेणं सुरू होतं काउंटरवर, कारण तिथे डिपॉझिट म्हणून कार्डावर ठरावीक रक्कम अडकवून ठेवतात. त्याला होल्ड म्हणतात. हा होल्ड मुख्य चालकाच्या, म्हणजे माझ्या, नावाच्या क्रेडिट कार्डावरच हवा. मी ऐटीत फॉरेक्स कार्ड पुढे केलं. त्यावर माझं नावसुद्धा नव्हतं. काउंटरवरच्या माणसाने ते उलटंपालटं करून परत दिलं: प्रीपेड कार्डावर गाडी मिळत नाही, गाडी परत करताना उरलेलं बिल त्यावर भरता येईल. डेबिट कार्डाची सोय काही ठिकाणी असते, पण अटी त्या त्या शाखेच्या. परतीचं तिकीट दाखवा, दुसरं ओळखपत्र दाखवा, आणि रक्कम नुसती अडकत नाही, खात्यातून खरोखर वळती होते.

मग बुकिंग बायकोच्या नावावर करा म्हटलं. तिचं लायसन्स पुण्यात कपाटात आणि डिजिलॉकर मोबाइलमध्ये. डिजिलॉकर तिथे चालत नाही. मूळ प्लॅस्टिकचं कार्ड हातात लागतं, फोटो नाही, झेरॉक्स नाही. मेहुण्याकडे कार्ड होतं, लायसन्सही होतं, पण आगाऊ पैसे भरलेल्या व्हाउचरवरचं नाव काउंटरवर बदलत नाही. त्याच्या नावाने नवं बुकिंग करायचं तर त्या दिवसाचा भाव, जो आमच्या भावाच्या जवळजवळ दुप्पट होता.

खरी चीड पुढेच आहे. माझ्या पाकिटात माझ्या नावाचं क्रेडिट कार्ड होतं! फक्त त्याचा परदेशातला वापर बंद होता. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२०पासून नवं कार्ड फक्त देशांतर्गत वापरासाठी चालू होऊन येतं. परदेशातला वापर आपण स्वतः सुरू करायचा. बँकेच्या ॲपमध्ये बटण असतं, दहा सेकंदांचं काम. पण ॲप उघडायला बँकेत नोंदवलेलं सिम फोनमध्ये लागतं, आणि ते सिम मी विमानातच काढून पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवलं होतं, कारण त्या जागी अमेरिकेचं सिम घातलं होतं. सिमचा ट्रे उघडायची पिन नाही. शेवटी बायकोच्या कानातल्याच्या तारेने तो ट्रे उघडला. सिमला नेटवर्क पकडायला दहा मिनिटं. ॲप उघडलं, बटण दाबलं, रांगेत लागलो, कार्ड टोचलं: डिक्लाइन्ड.

कारण बटण एक नसतं. ऑनलाइन, दुकानातलं मशीन, एटीएम आणि टॅप करून पैसे देणं, प्रत्येकाला वेगळं बटण, आणि प्रत्येकाखाली मर्यादेची पट्टी. मी फक्त ऑनलाइन चालू केलं होतं. परत रांग. दुसऱ्यांदाही डिक्लाइन्ड, कारण मशीनचं बटण चालू केलं तरी पट्टी शून्यावर होती. कार्ड नाकारलं गेलं की तो माणूस शांतपणे "नेक्स्ट" म्हणतो आणि आपण रांगेच्या शेवटी जातो. तिसऱ्या फेरीत कार्ड चाललं. ३०० डॉलर अडकवले, सही झाली.

तर निघायच्या आधी, घरी बसून: मुख्य चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड, त्यावर परदेशातला वापर चालू, मशीनची मर्यादा होल्डच्या दुप्पट तरी. भारतीय सिम फोनमध्येच, रोमिंग सुरू, आणि अमेरिकेसाठी ई-सिम. म्हणजे ट्रे उघडायचाच नाही. ओटीपी भारतीय सिमवरच येतात, हे रोजच्या घाईत विसरायला होतं.

आणि अजून संपलं नव्हतं. तीन वेळा रांगेत उभं राहून माणूस दमतो आणि नेमकं तेव्हाच इन्शुरन्स पुढे येतो. यात तीन गोष्टी वेगवेगळ्या समजून घ्या. एलडीडब्ल्यू किंवा सीडीडब्ल्यू म्हणजे भाड्याच्या गाडीचं नुकसान किंवा चोरी झाली तर तुमच्या गळ्यात पडू नये यासाठी. लायबिलिटी म्हणजे तुम्ही दुसऱ्याच्या गाडीला किंवा माणसाला धडक दिलीत तर त्यासाठी. अमेरिकेत दवाखान्याची बिलं बघता ही सोडायची नाही. तिसरा तुमचा स्वतःचा दवाखाना, तो प्रवासविम्यात येतो, गाडीच्या कागदांत नाही. बुकिंग करताना साइट विचारते, राहता कुठल्या देशात? खरं उत्तर द्या, भारत. परदेशी ग्राहकाच्या दरात पहिल्या दोन गोष्टी बऱ्याचदा आधीच धरलेल्या असतात. अमेरिका निवडलं तर भाव कमी दिसतो, पण तो विम्याशिवायचा असतो, आणि लायसन्स भारतीय निघालं की काउंटरवर फाटे फुटतात.

आमच्या व्हाउचरमध्ये दोन्ही होते. तरीही काउंटरवरच्या पडद्यावर एलडीडब्ल्यू परत लावलेला, सोबत रस्त्यावरच्या मदतीचं पॅकेज, टोलचं यंत्र आणि आगाऊ पेट्रोल. "सर, फक्त इथे आद्याक्षरं करा." करू नका. एस्टिमेटेड चार्जेस अशी ओळ असते, ती बघा. आगाऊ पैसे भरले असतील तर तिथे शून्य किंवा फक्त जादा चालकाचे पैसे दिसायला हवेत. आमच्याकडे २८६ डॉलर दिसत होते. व्हाउचर कागदावर छापून नेला होता म्हणून बोट ठेवून दाखवता आलं. टोलचं यंत्र तर विनोदच: नेवाडा आणि ॲरिझोनात टोलचे रस्ते नाहीत आणि युटाच्या आमच्या भागातही नाहीत. पेट्रोल आगाऊ घेतलं तर पूर्ण टाकीचे पैसे जातात, उरलेलं परत मिळत नाही. सगळं काढायला लावलं. तोवर अडीच तास झाले होते आणि झायनला उजेडात पोचायचा बेत गेला होता.

आंतरराष्ट्रीय परवाना, आयडीपी, आरटीओतून काढला होता. परिवहनच्या साइटवर अर्ज, १,००० रुपये, एक वर्षाची मुदत. काउंटरवर तो उघडूनही पाहिला नाही, लायसन्सच घेतलं. आपल्या स्मार्ट कार्डावर इंग्रजी असतंच. तरी काढा. तो लायसन्सचं भाषांतर आहे, लायसन्सऐवजी चालत नाही, पण पोलिसाने अडवलं तर प्रश्न मिटतो. जादा चालकाची नोंद करूनच दुसऱ्याच्या हातात चाक द्या, नाहीतर वरचा सगळा इन्शुरन्स कागदच.

कागदाच्या आणखी एका ओळीमुळे आमचा बेत बदलला: डांबरी नसलेल्या रस्त्यावर गाडी नेली तर संरक्षण नाही. मॉन्युमेंट व्हॅलीतला सतरा मैलांचा फेरा कच्चा आहे, लाल माती आणि खड्डे. लोक भाड्याच्या सेदान घालतात, आम्ही नावाहो, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी जमातीच्या, गाइडच्या उघड्या गाडीतून गेलो. धूळ नाकातोंडात जाते, रुमाल न्या. ही नावाहो लोकांची जागा आहे, इथे राष्ट्रीय उद्यानांचा पास चालत नाही. पेजजवळच्या हॉर्सशू बेंडलाही नाही. तिथे पार्किंगचे दहा डॉलर वेगळे. नावाहो हद्दीत दारू जवळ बाळगायलाही बंदी आहे. आइसबॉक्समध्ये बिअर असेल तर पेजमध्येच संपवा.

पासचं गणित आता बदललंय. १ जानेवारी २०२६पासून अमेरिकेबाहेरच्या लोकांसाठी वार्षिक पास २५० डॉलरचा. तिथल्या रहिवाशांना ८०च. पास न घेतल्यास अकरा मोठ्या उद्यानांत गाडीच्या प्रवेशशुल्कावर माणशी १०० डॉलर जादा, आणि झायन, ब्राइस, ग्रँड कॅन्यन तिन्ही त्या यादीत आहेत. आम्हा चौघांना ते बाराशेवर गेलं असतं. पास घ्या, विषय संपला.

घड्याळाचा घोळ मात्र आधी कागदावर मांडा. उन्हाळ्यात युटा नेवाडाच्या एक तास पुढे. ॲरिझोना घड्याळ पुढे करत नाही, म्हणून पेजची वेळ व्हेगासइतकीच. पण नावाहो प्रदेश ॲरिझोनात असूनही घड्याळ पुढे करतो, म्हणून मॉन्युमेंट व्हॅलीत पुन्हा युटाची वेळ. अँटिलोप कॅन्यन नावाहोंच्या जागेत, तरी तिथल्या टूर पेजच्या वेळेने चालतात. पेजला फोन कधी युटाचा टॉवर पकडतो तर कधी ॲरिझोनाचा, आणि आपोआप वेळ बदलतो. आपोआप वेळ बंद करा, हाताने लावा. अँटिलोपला गाइडशिवाय प्रवेश नाही, बॅगही नेता येत नाही, आणि चुकलेल्या वेळेचे पैसे परत मिळत नाहीत.

पेट्रोलपंपावर कार्ड घातलं की यंत्र झिप कोड, म्हणजे तिथला पिनकोड, मागतं. भारतीय कार्डाला तो नसतो. आत जायचं, "पंप नंबर ४, ४० डॉलर" सांगायचं. कमी भरलं गेलं तर बाकी परत येते. हिरवी नळी बहुतेक ठिकाणी डिझेलची असते, हात लावू नका. गाडीला साधं ८७ ऑक्टेनचं पेट्रोल लागतं, युटात उंचावर ८५ लिहिलेलं दिसेल, ते घेऊ नका. मशीनवर रुपये की डॉलर असं विचारलं तर डॉलर.

झायनमध्ये शटलच्या हंगामात मुख्य दरीत स्वतःची गाडी नेता येत नाही, बस घ्यायची. हायवे ९वरून बोगद्यातून पलीकडे ब्राइसकडे मात्र गाडीने जाता येतं, साधारण दोन तास, आणि हा रस्ता दिवसाच करा. एंजल्स लँडिंग चढायचं असेल तर सोडतीतून परवाना लागतो. ब्राइस आठ हजार फुटांच्या वर आहे. मे महिन्यात पहाटे शून्याजवळ जातं, स्वेटर बॅगेच्या तळाशी ठेवू नका. पेज ते मॉन्युमेंट व्हॅली आणि पुढे कॅमेरॉनपर्यंत मोबाइलची रेंज जाते-येते, नकाशे आधीच उतरवून घ्या.

घरून नेलेल्या विजेच्या किटलीचा उपयोग झाला नाही. आपलं २३० व्होल्टचं उपकरण तिथल्या १२० व्होल्टवर लावलं की उष्णता चौथ्या हिश्श्यावर येते. पाणी कोमट होतं, उकळत नाही. कुकर, किटली तिथलीच घ्या.

गाडी ताब्यात घेताना फोनवर चारी बाजूंचा व्हिडिओ काढा. चाकांच्या रिम, समोरची काच, पेट्रोलचा काटा, मैलांचा आकडा. परत करताना तोच व्हिडिओ पुन्हा, आणि जवळच्या पंपावरची पावती जपून. होल्ड परतावा म्हणून येत नाही, म्हणून स्टेटमेंटमध्ये शोधू नका. कार्डाची उपलब्ध मर्यादा वाढलेली दिसते. आमचा नवव्या दिवशी सुटला, तोवर मी बँकेला दोनदा फोन करून झाला होता.