सी-टाइपची पाटी

जुन्या गाड्या तपासून खरेदी-विक्रीसाठी रिपोर्ट देणं हे माझं काम. २०२३च्या जानेवारीत लक्ष्मीविलास पॅलेसमध्ये जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं आणि तेव्हापासून बडोद्यातल्या कित्येक वाड्यांमागची शेडं उघडली गेली. गाड्या बाहेर आल्या, तसे दलालही आले.

रावपुऱ्यातल्या एका शेडमधली गाडी ‘जॅग्वार सी-टाइप, १९५२’ म्हणून विकायला निघाली होती. मला बोलावलं ते घेणाऱ्यांनी, मकरपुऱ्यात त्यांचा कारखाना आहे. दलालाचा आधीच फोन आला, “साहेब, कंपनीची पाटी आहे, तिच्यावर चासिस नंबर आहे, तुम्ही फक्त सही करा.” नुसती पाटी बघून सही करणारे आमच्या धंद्यात आहेत, म्हणून ही हिंमत होते.

सी-टाइप ही जॅग्वारची खास शर्यतीची गाडी, बनल्या जेमतेम ५३. १९५१ आणि १९५३ अशी दोनदा ल मान्सची चोवीस तासांची शर्यत तिने मारली, दुसऱ्यांदा चारही चाकांना डिस्क ब्रेक लावून. खऱ्या गाडीची किंमत अनेक कोटींत जाते, त्यामुळे नकला उदंड. बऱ्याचशा नकला खाली वाकलं की लगेच कळतात. मागचे डिस्क ब्रेक चाकापाशी नसून आत डिफरन्शियलला, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या गिअरच्या पेटीला, लागून असले, तर विषय संपला. ही रचना जॅग्वारने १९६१च्या ई-टाइपपासून विकायला सुरुवात केली. लोक खिशात लोहचुंबक घेऊन येतात, त्याचा इथे काही उपयोग नाही. अस्सल बॉडी अॅल्युमिनियमची, नकलेची बहुधा फायबरची, आणि चुंबक दोन्हींना चिकटत नाही.

ही बॉडी मात्र अॅल्युमिनियमचीच निघाली. मडगार्डच्या आतून हात फिरवला तर हातोडीचे बारीक ठोके बोटांना लागत होते, सांधे कानशीने घासून सपाट केलेले. पुढच्या चाकावरचा गोलवा दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखा, आणि हे साचा नसताना! मी मनापासून दाद दिली. मग ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खुणा केल्या आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर मोजलं. ९६ इंच, म्हणजे सी-टाइपचंच माप. दलाल खुलला.

मग मी गाडीखाली गेलो. मागे स्प्रिंगचे पाटे! सी-टाइपला मागे टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेणाऱ्या सळ्या, असतात. पाटे असतात एक्सके वनट्वेंटीला, जॅग्वारच्याच रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाडीला. सी-टाइपचा सांगाडा, म्हणजे चासिस, नळ्यांचा, इथे दोन्ही बाजूंना पेटीसारख्या जाड पट्ट्या. वनट्वेंटीचं अंतर १०२ इंच. म्हणजे सहा इंच कुठेतरी कापलेले असणार, म्हणून टॉर्च लावून रंगाखाली शोधत गेलो. सीटच्या मागे दोन्ही पट्ट्यांना वेल्डिंगची गाठ सापडली, आतून पत्र्याचा जोड देऊन पक्की केलेली. फ्लायव्हील हाउसिंगच्या समोर डाव्या पट्टीवरचा रंग खरवडला, तिथे ६६० ने सुरू होणारा आकडा निघाला. तो उजव्या स्टिअरिंगच्या, उघड्या टपाच्या वनट्वेंटीचा. इंजिनाचा नंबर ऑइल फिल्टरच्या वर आणि हेडच्या पुढच्या तोंडावर, दोन्हीकडे एकच, डब्ल्यूने सुरू होणारा. सी-टाइपचा ईने सुरू होतो.

राहिली पाटी. तिच्यावर एक्सकेसीने सुरू होणारा, म्हणजे सी-टाइपचा, चासिस नंबर होता. रिव्हेट काढायला लावले, तर खाली बाहेरच्यासारखाच रंग सलग, म्हणजे गाडी रंगवून झाल्यानंतर कधीतरी ती ठोकलेली. घरच्या काकू शेडच्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, “अहो, ही पाटी ह्यांच्या वेळी नव्हती.” आणि आतून फोटो घेऊन आल्या. बॉनेट पुढे उलटं टाकलेलं, शेजारी काका आणि बनियनमधला एक मिस्त्री, पाटीच्या जागचा पत्रा कोरा. वनट्वेंटी उलटून बॉडी चेपली होती. ती काढून टाकून काका आणि मिस्त्री यांनी मासिकातले फोटो बघून ही बांधली. सी-टाइप म्हणून त्यांनी ती कधी कुणाला विकायला काढली नाही. मिस्त्रीचं आडनाव काकूंना आठवेना, याची मला अजून चुटपुट आहे.

रिपोर्टमध्ये ‘बनावट’ हा शब्द मी एकट्या पाटीपुढे लिहिला. गाडीपुढे लिहिलं, ‘मूळ एक्सके वनट्वेंटी, चासिस आखूड करून सी-टाइपच्या धर्तीवर बडोद्यात बांधलेली.’ दलाल म्हणतो, या एका ओळीने मी गाडी मारली. पण काकूंच्या घरात नसलेलं खोटं त्याच्याच पाटीने गाडीत आणलं.

अडकलोय ते पुढे. २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते, पण चासिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. इथे इंजिन मूळचं, पण चासिस कापलेली. घेणाऱ्यांनी विचारलं, “मग परत वनट्वेंटी करून घेऊ?” करता येईल. सहा इंच परत जोडायचे, विलायतेतून आज बनवलेली बॉडी आणून बसवायची. लोक तिला अस्सल म्हणतील, आणि मिस्त्रीच्या हातचं अॅल्युमिनियम भंगारात जाईल. कापलेल्या पट्ट्या तर तशाही कापलेल्याच राहणार.

आहे तशी ठेवायची की परत वनट्वेंटी करायची, दोन्हींचा खर्च मांडून दिलाय. काकूंनी तूर्त गाडी विकायची थांबवली आहे. माझं मत त्यांनी विचारलंय, आणि ते मी अजून दिलेलं नाही.