केसपेपरची ६४ पानं

आप्पांच्या पायाची जखम चिघळली. मधुमेह जुना, म्हणून घरी न थांबता नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात दाखल केलं. कॅज्युअल्टीतल्या सिस्टरनं विचारलं, कशाची ॲलर्जी आहे का? पेनिसिलीनची, मी म्हटलं. तरुणपणी एका इंजेक्शननंतर बेशुद्ध पडले होते. तिनं माझ्यासमोर ते लाल पेनानं लिहून घेतलं.

दुसऱ्या रात्री सलाईनमधून एक अँटिबायोटिक सुरू झालं आणि दहा मिनिटांत आप्पांच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, बीपी कोसळलं. चार दिवस आयसीयू. वाचले. डिस्चार्ज कार्डावर एक ओळ: ‘ड्रग रिॲक्शन, उपचारांनी सुधारणा.’ कुठलं ड्रग, ते मात्र नाही.

मी रेकॉर्ड विभागात गेलो. “केसपेपर पेशंटला देत नाही, कोर्टाची ऑर्डर आणा,” क्लार्क मान वर न करता म्हणाला. मी मुकाट्यानं घरी आलो. बरेच जण इथूनच परत फिरत असावेत.

खरं तर डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम स्पष्ट आहेत. रुग्णानं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं मागितलं की ७२ तासांत कागद द्यायचे. दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपायच्या. पुढच्या खेपेला मी लेखी अर्ज नेला: आप्पांची सही, माझ्या नावाचं अधिकारपत्र, नियमाचा उल्लेख, दोन प्रती. पोच द्यायला तासभर टाळाटाळ झाली. मी बाकावरून हललो नाही. शेवटी शिक्का मिळाला. माझ्या मते सगळ्या प्रकरणात तो शिक्का सर्वांत मोलाचा, कारण तारीख पडली. तिसऱ्या दिवशी फोन आला, झेरॉक्सचे पैसे भरून घेऊन जा.

६४ पानं. मावसबहीण औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, ती दोन संध्याकाळी माझ्याबरोबर बसली. पहिल्या पानावर सिस्टरची नोंद होती. झेरॉक्समध्ये लाल पेन काळं झालं होतं, एवढंच. नवव्या पानावर औषधांचा तक्ता सुरू होतो. तिथं ॲलर्जीच्या चौकटीत लिहिलेलं: ‘नाही.’ खाली एका अँटिबायोटिकचं कंपनीचं नाव. बहिणीनं सांगितलं, आत पिपरासिलीन आहे, पेनिसिलीनच्याच कुळातलं. बाटलीवरच्या ठळक नावात ‘सिलीन’ कुठं दिसतच नाही. पहिल्या पानावरची माहिती नवव्या पानापर्यंत पोचली नव्हती.

आता जायचं कुठं? पोलिसांत जायचा विचार सोडला. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या निकालानंतर फौजदारीसाठी घोर निष्काळजीपणा लागतो. ग्राहक आयोगाचा रस्ता १९९५ च्या निकालानं खुला झालेला आहे, मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या बिलाला फी नाही. भरपाई तिथं मिळते. वैद्यक परिषद पैसे देत नाही. ती ताकीद देते किंवा डॉक्टरची नोंदणी थांबवते. आप्पांना पैसे नको होते. खरं तर त्यांना काहीच नको होतं. “ज्याच्या दारात पुन्हा जायचंय त्याच्याशी वाकडं कशाला?” यावर आमचे आठ दिवस गेले.

परिषदेकडची तक्रार लिहायला घेतली तेव्हा खरी अडचण कळली. तक्रार डॉक्टरविरुद्ध करायची, म्हणजे नाव हवं. तक्त्याखाली नुसती एक वेलांटीदार सही. चूक तीन हातांतून गेलेली: चौकटीत ‘नाही’ लिहिणारा, औषध ठरवणारा, ते सलाईनला लावणारी. आणि पहिलं पान तक्त्याला कधीच न जोडणारी रुग्णालयाची पद्धत, तिला तर नोंदणी क्रमांकच नाही. मी मुख्य डॉक्टरांचं नाव घातलं, कारण रुग्ण त्यांच्या नावावर दाखल होता. नोंदणी क्रमांक त्यांच्या चिठ्ठीवर छापलेला होता. रुग्णालयाबद्दल वेगळं पत्र महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांना, कारण परवाना त्यांचा. त्यात हेही लिहिलं, की राज्याच्या खासगी रुग्णालयांसाठीच्या २०२१ च्या नियमांनुसार दर्शनी भागात लावायची रुग्णहक्क सनद मला वॉटर कूलरच्या मागे सापडली.

नोटरीकडं सही करताना आप्पांनी पेन थांबवलं.

“त्या लाल पेनवाल्या पोरीचं नाव नाही ना घातलंस?”

“नाही.”

मग त्यांनी सही केली.