पाणी तर भरपूर पिते, मग किडनी कशी बिघडेल?

"डॉक्टर, ती पाणी तर भरपूर पिते, मग किडनी कशी बिघडेल?" पुण्यातल्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न मांजरांचे आणि कुत्र्यांचे पालक इतक्या वेळा विचारतात, की उत्तर एकदा नीट लिहायचं ठरवलं. भरपूर पाणी प्यावं म्हणजे किडन्या साफ राहतात, हे आपण घराघरांत ऐकत आलोय, त्यामुळे शंका रास्त आहे. पण म्हाताऱ्या मांजरीच्या बाबतीत क्रम उलटा असतो. किडनी आधी थकते आणि म्हणून मांजर जास्त पाणी प्यायला लागते.

मांजर मूळची कोरड्या मुलखातली. उंदीर-पाखरं खाल्ली की त्यांच्या अंगातलंच पाणी तिला बरंचसं पुरतं, कारण तिची किडनी थेंब न् थेंब परत ओढून घेते आणि अगदी दाट लघवी बाहेर टाकते. एका किडनीत गाळण्याचं काम करणारे साधारण २ लाख सूक्ष्म घटक असतात. गेलेला घटक पुन्हा तयार होत नाही. दोन तृतीयांश गेले की लघवी दाट करण्याची ताकद संपते. मग लघवी पाण्यासारखी पातळ, जवळजवळ बिनवासाची आणि ढीगभर होते, आणि ती तूट भरायला मांजर बाथरूममधल्या बादलीत तोंड घालते. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, मात्र तीन चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत बहुधा वाढत नाही. म्हणून क्रिएटिनिन नॉर्मल आहे एवढ्यावर मी कधीच समाधान मानत नाही. लघवीची घनता बघते. मांजरीची १.०३५च्या आणि कुत्र्याची १.०३०च्या वर असली तर बरं वाटतं. एसडीएमए नावाची रक्ततपासणीही क्रिएटिनिनच्या आधी इशारा देते.

भरपूर म्हणजे किती, हे घरी मोजता येतं. सकाळी मापाने पाणी भरायचं, दुसऱ्या दिवशी उरलेलं मोजायचं. मांजर दिवसाला किलोमागे ५० मिलीच्या वर पीत असेल, म्हणजे ४ किलोची मांजर २०० मिलीच्या वर, तर तपासणी हवी. कुत्र्यासाठी हीच मर्यादा किलोमागे १०० मिली. दरवेळी किडनीच निघते असं नाही. मधुमेह असतो, थायरॉइड असतो, आणि ऑपरेशन न केलेल्या कुत्रीला गर्भाशयात पू झालेला असतो, त्यात एक दिवसही दवडायचा नसतो. एक मात्र कळकळीने सांगते: लघवी सारखी होते म्हणून पाण्याचं भांडं उचलून ठेवू नका. किडनी थकलेली मांजर त्या पाण्यावरच तग धरून असते.

कुत्र्यांच्या किडन्या आपल्याकडे पावसाळ्यात जास्त जातात. उंदरांच्या लघवीतून लेप्टो नावाचा जंतू साचलेल्या पाण्यात उतरतो आणि किडनी, लिव्हर दोन्ही धरतो. त्याची लस दरवर्षी द्यावी लागते, आणि ती पावसाच्या आधी दिलेली बरी. गोचिडांच्या तापानेही किडनीतून प्रोटीन गळायला लागतं. बाकी धोके स्वयंपाकघरात आणि औषधांच्या डब्यात असतात: द्राक्षं, मनुका, चिंच, आणि लंगडतोय म्हणून प्रेमाने दिलेली माणसांची ब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅक. मांजरीला तर पॅरासिटामॉलची एक गोळीही जीवघेणी ठरते. घरात मांजर असेल तर लिलीची फुलं आणू नका. नुसते परागकण चाटूनही किडनी बंद पडू शकते.

आता हार्ट, कारण म्हातारपणी ही दोन्ही दुखणी पुष्कळदा जोडीने येतात. पॉमेरेनियन रात्री खोकतो, घरच्यांना वाटतं घशात काही अडकलंय. छातीला स्टेथोस्कोप लावला की झडपेतून रक्त मागे गळतानाचा सूंऽसूं असा आवाज येतो. झडप गळतेय आणि हृदय मोठं झालंय, पण दम अजून लागलेला नाही, अशा कुत्र्यांना पिमोबेंडन हे हृदयाचं औषध दिलं तर हार्ट फेल्युअर सरासरी १५ महिने लांबतं, हे २०१६च्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं. १५ महिने कुत्र्याच्या आयुष्यात फार मोठे असतात. म्हणून दम लागायची वाट बघू नका. तो गाढ झोपलेला असताना मिनिटाला किती श्वास घेतो ते मोजा. आकडा ३०च्या वर राहायला लागला, तर त्याच दिवशी फोन करा.

दूधभातावर वाढलेल्या मांजरींबद्दलही सांगायला हवं. हृदयाला लागणारं टॉरिन मांजरीच्या शरीरात पुरेसं बनत नाही. ते मांस-माशांतूनच यावं लागतं. ते कमी पडलं की हृदय फुगून दुबळं होतं, हे १९८७ साली अमेरिकेत सिद्ध झालं आणि तेव्हापासून तयार कॅटफूडमध्ये टॉरिन घालतात. घर शाकाहारी असेल, तर निदान ते खाणं आणा. चिकन उकडून देत असाल, तर ते पाणीही द्या. टॉरिन त्यात उतरतं.

किडनीच्या मांजरीला आम्ही घरी सलाईन द्यायला शिकवतो. बाटली कोमट पाण्यात ठेवायची, पडद्याच्या दांडीला अडकवायची, दोन खांद्यांच्या मधली कातडी तंबूसारखी उचलून सुई आत सारायची. कातडीखाली लिंबाएवढा फुगवटा येतो, तो हळूहळू पुढच्या पायाकडे उतरतो आणि काही तासांत जिरतो. सत्तरी ओलांडलेल्या आजीही हे सफाईने करतात. पण हृदय जाड झालेल्या मांजरीला हेच सलाईन फुप्फुसात पाणी भरवू शकतं, आणि ते पाणी काढायला दिलेलं लघवी वाढवणारं लॅसिक्स किडनी सुकवतं. म्हणून सलाईन सुरू करण्याआधी मी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, आग्रह धरते, पर्शियन मांजरीच्या बाबतीत तर हटूनच. त्या जातीत किडनीत गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आहे आणि हृदय जाड होण्याचाही. काही वेळा जाड हृदयाच्या मांजरीच्या छातीत कुठलाच आवाज नसतो, आणि एका सकाळी हृदयातली रक्ताची गुठळी पायांकडच्या रक्तवाहिनीत अडकते, मागचे दोन्ही पाय गार पडून मांजर किंचाळत असते. तिला तसंच उचलून दवाखाना गाठायचा.

तर, पाणी वाढलं असेल तर येताना सकाळची पहिली लघवी घेऊन या. कुत्रा पाय वर करेल तेव्हा लांब दांड्याचा स्वच्छ डाव पुढे धरायचा. मांजरीच्या ट्रेमध्ये माती न घालता मत्स्यालयातले धुतलेले खडे घालायचे आणि लघवी सिरिंजने ओढून कोरड्या डबीत भरायची. लगेच निघता येत नसेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवा, पण त्याच दिवशी आणा.