पहिली गाडी कुणाची धरायची?

"मामा, हेवीचं लायसन्स हातात आलं. आता पहिली गाडी कुणाची धरू?" कोल्हापूरला उचगावजवळच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी जड गाडी शिकवतो, तिथनं बाहेर पडणारं जवळजवळ प्रत्येक पोरगं हे विचारतं. गेल्या आठवड्यात एका पोराची आई आली आणि तिनंही हेच विचारलं. जाताना म्हणाली, "घाईनं सांगू नका, विचार करून सांगा." तुम्ही विचारलंत म्हणून, ताई, हा विचार करून लिहिलाय.

पोरांच्या डोक्यात आधी पगार असतो. महिन्याला किती, ट्रिपला भत्ता किती, गाडी नवी का जुनी, केबिनला एसी आहे का. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झालीय, त्यामुळं हे हल्ली फार विचारतात. मी त्यांना एवढंच विचारतो, पहिल्या ट्रिपला तुझ्या शेजारी कोण बसणार?

माझे चुलते तालमीत होते. पोराला कुठल्या तालमीत घालू असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, हौद्यातली माती सगळीकडं लालच, वस्ताद कोण आहे ते बघा. ते मी कितीतरी वेळा ऐकलं होतं. स्वतःची पाळी आली तेव्हा मात्र माती बघून गेलो.

२००३ साल. एकाकडं दुसऱ्यांपेक्षा महिन्याला पाचशे रुपये जास्त मिळत होते. त्यानं पहिल्या दिवशी माझं लायसन्स मागून घेतलं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. "येतंय न्हवं तुला? मग जा." सहा टायर गाडी, साखरेची पोती, गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून खाली कोकणात. शेजारी क्लीनर, तो माझ्याहून लहान. आणि नियम असा, की ठरलेल्या अॅव्हरेजपेक्षा डिझेल जास्त लागलं तर पगारातून कापणार.

पावसाळा होता. गगनबावड्याला धुकं. उतार लागल्यावर मी डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली. सगळेच करतात असं ऐकलं होतं. चार-पाच वळणं बरी गेली. मग ब्रेकचं लायनर जळाल्याचा वास यायला लागला, पेडल दाबावं तशी गाडी थांबेना, ब्रेकच्या हवेचा काटा खाली यायला लागला. दरीकडं बघायचंच नाही असं ठरवलं आणि डोंगराच्या बाजूच्या चरीत चाक घातलं. गाडी कपारीला घासत थांबली. क्लीनर रडत होता. मीही.

यात काय झालं ते पोरांना मी फळ्यावर काढून दाखवतो. गाडी गिअरमध्ये असली की उतारावर इंजिनच तिला मागं धरून ठेवतं. न्यूट्रलला तो आधार जातो आणि सगळं वजन एकट्या ब्रेकवर येतं. ड्रम तापतो, लायनरची पकड सुटते. पुन्हापुन्हा पाय मारला की टाकीतली हवाही संपत जाते. जुने ड्रायव्हर सांगतात, घाट ज्या गिअरात चढाल त्याच गिअरात उतरा. एवढं एक वाक्य सांगायला त्या दिवशी केबिनमध्ये कुणी नव्हतं. ब्रेक माझ्या पायानं तापवले हे खरं. पण गाडी न्यूट्रल करायला लावली ती त्या हिशेबाच्या वहीनं, हेही तेवढंच खरं. दुरुस्तीचा सगळा खर्च माझ्यावर टाकला, आणि तो फिटेपर्यंत, चार महिने, लायसन्स ड्रॉवरमध्येच राहिलं. दुसरीकडं जायचं तरी कसं?

म्हणून ताई, पहिली गोष्ट ही. मूळ लायसन्स कुणाला ठेवायला द्यायचं नाही. झेरॉक्स द्या, डिजिलॉकरमधलं दाखवा. आणि भारी उचल घेऊन कामाला सुरुवात करू नका. उचल म्हणजे दुसरा ड्रॉवरच.

नंतर मी शिरोलीत एका लहान मालकाकडं लागलो. तीन गाड्या, फौंड्रीचं कास्टिंग पुण्याला पोचवायचं. पगार कमी. पण तिथं एक म्हातारे ड्रायव्हर होते, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. मालक म्हणाला, महिनाभर अण्णांबरोबर जायचं, ते म्हणतील तेव्हा स्टिअरिंग. पहिले आठ दिवस त्यांनी मला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. ताडपत्री बांधायची, रस्सी ताणायची, टायर ठोकून आवाज ऐकायचा, हवेच्या टाकीतलं पाणी काढायचं. कास्टिंगची गाडी बघायला अर्धी रिकामी दिसते आणि वजनकाट्यावर पूर्ण भरलेली निघते, हे मी त्यांच्याकडून शिकलो. माल नीट अडकवला नाही तर ब्रेक मारल्यावर तो पुढं केबिनकडं येतो, हेही. खंबाटकी घाटात पहिल्यांदा गाडी माझ्या हातात दिली तेव्हा ते गप्प बसले होते. एकदाच बोलले, "गिअर पाड."

लायसन्स मिळायला वयाची २० वर्षं पूर्ण लागतात, हलक्या गाडीचं लायसन्स वर्षभर जुनं लागतं, स्कूलचा दाखला लागतो. पण परीक्षेत करूळ घाट येत नाही. तो शेजारच्या सीटवरचा माणूस शिकवतो.

मालक कसा आहे हे मालकाला विचारून कळत नाही. तावडे हॉटेलपाशी नाहीतर शिरोली फाट्यावर चहाला थांबलेल्या त्याच्याच ड्रायव्हरना विचारा. मी एकच विचारतो: २०१९ च्या पुरात तुम्ही कुठं अडकला होता आणि मालकानं काय केलं? त्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं, पुणे-बेंगळुरू रस्ता बंद पडला, गाड्या दिवसचे दिवस उभ्या. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. आसपासच्या गावांतली माणसं भाकरी-आमटी घेऊन आमच्यापर्यंत यायची, ते मी जन्मभर विसरणार नाही. काही मालक रोज दोनदा फोन करून जेवलास का विचारत होते, पैसे पाठवत होते, उभ्या दिवसांचाही भत्ता देत होते. काहींनी ते दिवस हिशेबातून वगळले. जुना ड्रायव्हर या प्रश्नाला लगेच उत्तर देतो. तो खाली बघायला लागला, तरी उत्तर मिळतंच.

ओव्हरलोडचं तोंडावर विचारा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड २० हजार रुपये आणि जादाच्या प्रत्येक टनाला २ हजार असा आहे. कायदा गाडी चालवणाऱ्यालाही धरतो आणि भरून पाठवणाऱ्यालाही. "बघू रे तेव्हा" म्हणणाऱ्याकडं लागू नका. इन्शुरन्सच्या कागदात पगारी ड्रायव्हर धरलाय का, ते स्वतः वाचा. दाखवायला कुरकुर करत असेल तर तिथंच थांबा. माल उतरवताना वाराई, म्हणजे हमाली, कुणी द्यायची तेही आधी ठरवा. "ज्याचा माल त्याचा हमाल" ही घोषणा कोल्हापूरच्या लॉरीवाल्यांनी उगाच दिलेली नाही. तो पैसा ड्रायव्हरच्या भत्त्यातून जाता कामा नये.

आणि झोप. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली कायदा झाला, त्यात दिवसाचे ८ तास, आठवड्याचे ४८ आणि सलग ५ तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती असं लिहिलं होतं. लायनीवर ते किती पाळलं जातं हे मला सांगायला नको. पण "रात्री डोळा लागायला लागला तर गाडी बाजूला लावू का?" असं मालकाला समोरासमोर विचारा आणि त्याचा चेहरा बघा.

टँकर पहिल्या वर्षी नको. अर्धवट भरलेल्या टँकरमधला द्रव ब्रेक मारल्यावर पुढं ढकलतो, वळणावर बाजूला ओढतो. पेट्रोल-गॅसच्या टँकरला तर तीन दिवसांचं वेगळं प्रशिक्षण आणि लायसन्सवर तशी नोंदही लागते. उसाची गाडी सरावाला चांगली, पण गाळप संपलं की काम संपतं. मोठ्या कंपन्यांत पीएफ मिळतो, हिशेब सरळ असतो. नव्या पोराला घेत असतील आणि शेजारी कुणाला बसवत असतील तर जरूर जा.

ताई, तुमच्या मुलाला दोन ठिकाणी बोलावणं आहे. कंटेनरवाला दोन हजार जास्त देतोय आणि उद्याच चेन्नईला पाठवतो म्हणतोय. शिरोलीवाला म्हणतो, दीड महिना आमच्या जुन्या ड्रायव्हरबरोबर फिरू दे. सोमवारी मी तुमच्या मुलाबरोबर शिरोलीला जातो. मालकाशी तो बोलेल. मला त्या जुन्या ड्रायव्हरला भेटायचंय.