फेरीबोटीने नार्व्यापर्यंत

पणजीहून नार्वे गाडीने फार तर तासाभराच्या अंतरावर. तोच पल्ला दोघांनी फेरीबोटींतून, मध्ये थोडे चालत आणि थोडे बसने गाठायचा म्हटले तर अख्खा दिवस जातो. रायबंदरहून चोडण बेट, चोडणहून परत रायबंदर, जुन्या गोव्याहून दिवाडी बेट आणि दिवाडीहून नार्वे अशी चार वेळा मांडवी ओलांडायची. चारही खेपांचा पाण्यावरचा वेळ जोडला तरी पाऊण तासाच्या पुढे जात नाही. उरलेला दिवस धक्क्यावर, बांधावर आणि बोट समोरच्या काठाला दिसत असताना जातो.

पणजीच्या जेटीवरून संध्याकाळी दिवे लावून सुटणाऱ्या क्रूझचा आणि या सहलीचा काही संबंध नाही. ती बोट तासभर फिरवून जिथून उचलले तिथेच आणून सोडते, आणि तेवढ्या वेळात गाण्यांच्या आवाजात शेजारच्या माणसाशी बोलायची सोय नसते. फेरीबोट माणसाला खरोखर कुठेतरी नेते. शिवाय साध्या फेरीबोटीत पायी जाणाऱ्याला तिकीट नाही, त्यामुळे पाकीट कोणी काढायचे हा प्रश्न दिवसभर निघत नाही.

प्रश्न निघतो तो वेळेचा. दोघांत एक जण घड्याळ बघणारा असतोच. फेरीच्या धक्क्यावर घड्याळाला फारशी किंमत नाही, तिथे पाणी बघावे लागते. मार्मागोव्याच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत सव्वादोन मीटरच्या आसपास फरक पडतो, भांगाच्या, म्हणजे मंद भरतीच्या दिवसांत मीटरभर. हे पाणी नदीच्या मुखापाशी थांबत नाही. मांडवीतून ते थेट गांजेपर्यंत, म्हणजे पन्नासेक किलोमीटर आत चढते. आपला सगळा रस्ता त्या पट्ट्यातला, म्हणून प्रत्येक धक्क्यावर सकाळचा उतार वेगळा आणि दुपारचा वेगळा.

तेव्हा निघायचा दिवस कॅलेंडरचा रविवार बघून नव्हे, तिथी बघून ठरवावा. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि नदीत जितके वर जावे तितका उशीर होतो, पण सहल आखायला एवढे पुरते. पौर्णिमा मोहात पाडते. अकराला तुडुंब पाणी, सकाळ झकास. पण तीच उधाणाची ओहोटी संध्याकाळी पाचच्या सुमाराला तळ गाठते आणि नेमकी तेव्हाच नार्व्याची बोट धरायची असते. द्वादशी-त्रयोदशी त्याहून बरी. नऊ ते पावणेदहाला भरती, तीन-चारला ओहोटी, आणि शेवटच्या फेरीपर्यंत पाणी पुन्हा चढू लागलेले. एकादशीचाही हिशेब जुळतो, पण दोघांपैकी एकाचा उपास असेल तर दुपारच्या मासळीवरून जे होते ते टाळलेले बरे.

ओहोटी लागली की नेमके काय बिघडते, हे रायबंदरच्या उतारावर उभे राहिले की कळते. धक्क्याचा काँक्रीटचा उतार पाण्यात शिरतो. भरतीत त्याचा वरचा, रोजच्या उन्हात सुकणारा भाग वापरात असतो. पाणी उतरले की खालचा भाग उघडा पडतो, आणि त्यावर गाळाचा पातळ थर आणि हिरवे शेवाळ असते. बोटीचा लोखंडी फाळका त्या उतारावर टेकतो तिथे तिरपा कोन तयार होतो. लांब नाकाची गाडी तिथे पुढून नाहीतर पोटाखालून घासते. दुचाकीचे मागचे चाक फाळक्याच्या कडेवर चढताना फिरते आणि घसरते. म्हणून दुचाकी असेल तर मागे बसलेल्याने उतरून चालत बोटीत जायचे, पुढच्याने पहिल्या गिअरमध्ये, मध्येच ब्रेक न दाबता सरळ चढायचे. उतरलेल्याने मागून सूचना द्यायच्या नाहीत. हा नियम कुठल्याही फलकावर लिहिलेला नाही, पण बरेच काही वाचवतो.

पायी चालणाऱ्यांनी उताराची कड धरावी. मधला पट्टा गाड्यांच्या चाकांनी गुळगुळीत झालेला असतो, कडेला पाऊल टिकते. फाळका पूर्ण टेकायच्या आत दुचाक्या घरंगळत पुढे येतात, त्यांच्या आणि साखळीच्या मध्ये उभे राहू नये. आत खलाशी हाताने खुणा करतो. चारचाकी मधोमध, दुचाक्या दोन्ही अंगांना. त्याला वजन सारखे वाटायचे असते, त्यामुळे आपल्याला सावलीची जागा हवी आहे हे त्याला सांगून उपयोग नाही. गाडी गिअरमध्येच ठेवावी. बोट समोरच्या काठाला टेकते तेव्हा एक धक्का बसतो आणि न्यूट्रलमधली स्कूटर त्या धक्क्याने आडवी होते, सोबत शेजारच्या दोन घेऊन.

बसायची जागाही बघून घ्यावी. रायबंदर-चोडण आणि जुने गोवे-दिवाडी, दोन्ही खेपा दक्षिणेकडून उत्तरेकडे. सकाळी उजव्या बाजूला ऊन, डाव्या बाजूला सावली. दुपारनंतर समुद्रावरचा वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे पुन्हा डावीच बाजू. परतीला सगळे उलटे.

पावसाळ्यात हीच खेप वेगळी. जूनपासून वरचे पाणी लाल होऊन खाली येते आणि ओहोटीला त्याचा जोर मिळतो. अशा वेळी बोट समोरच्या धक्क्याकडे नाक करून निघाली तर पोहोचेपर्यंत कितीतरी खाली वाहून जाईल. म्हणून सुकाणूवरचा माणूस नाक प्रवाहाच्या वरच्या अंगाला धरतो. बोट तोंड एकीकडे करून चालते दुसरीकडे, खेकड्यासारखी. नवख्याला वाटते की आपण भलत्याच ठिकाणी चाललोय. काठ जवळ आला की नाक हळूहळू सरळ होते आणि फाळका बरोबर उतारावर येतो. यात मोडता घालतात ते वाहून आलेले ओंडके, माडाची झावळे आणि प्लास्टिक. पंख्यात काही अडकले की इंजिनाचा आवाज बदलतो, खलाशी मागे जाऊन वाकून पाहतो आणि बोट जरा मागे-पुढे होते. दोघांनी निवांत फिरायचे दिवस मात्र ऑक्टोबर ते फेब्रुवारी.

चोडणला उतरल्यावर दोन-चार मिनिटांत डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्याचे दार. १९८८ साली जाहीर झालेले, पावणेदोन चौरस किलोमीटरांच्या आसपास, सगळे कांदळवन. आतल्या पाणवाटांत होडी घालायची तर भरती हवीच. ओहोटीत त्या वाटांत गाळच उरतो आणि होडीवाला नाही म्हणतो. पण पक्ष्यांचा हिशेब उलटा. गाळ उघडा पडला की ते चरायला उतरतात. म्हणून भरती पूर्ण व्हायच्या तासभर आधी होडीत बसावे, म्हणजे जाताना कडेचा गाळ अजून थोडा दिसतो आणि येताना पाणी पुरते. आत चढ्या आवाजात बोलायचे नाही, ही अट दोघांना सकाळी जड जात नाही. पक्षी दिसले नाहीत तरी धक्क्यालगतच्या चिखलात निवट्या हे छोटे मासे उड्या मारताना दिसतातच. २०२५ पासून या मार्गावर मोठी रो-रो बोटही चालते. जास्त गाड्या घेते, रांग लवकर हलवते. घाईच्या माणसाला चांगलीच सोय. रांगेतल्या गप्पा मात्र अर्ध्यावर राहतात.

परत रायबंदरला येऊन जुन्या गोव्याची बस धरायची. पणजीकडून येताना ओलांडलेला पाटो-रायबंदरचा बांध १६३३-३४ च्या सुमाराचा, मिठागरांतून काढलेला. बस त्यावरून पाच-सात मिनिटांत सुटते, त्यामुळे कोणी त्याच्याकडे बघत नाही. जुन्या गोव्यात फेरीकडे जाणारा रस्ता व्हाइसरॉयच्या कमानीखालून जातो. एके काळी नवा व्हाइसरॉय बोटीतून उतरून याच कमानीतून शहरात शिरत असे. आज उलट्या दिशेने, मासळीची टोपली आणि गॅसचा सिलिंडर घेऊन, दिवाडीकर बोटीकडे जातात. निघण्याआधी काही पोटात टाकायचे असेल तर सुकी भाजी, दोन पाव आणि एक मिरची-भजे घ्यावे. दिवाडीत उतरल्यावर खायचे ठिकाण लगेच हाताशी लागेल याचा भरवसा नाही.

दिवाडीचा धक्का ते पिएदादची टेकडी हा रस्ता सरळ खाजनातून जातो. साधारण दोन किलोमीटर, सावली नाही. दुपारी बारा ते दोन चालणे हा वेडेपणा, छत्री असली तरी. पण साडेतीनच्या पुढे चालायला हाच सहलीतला सर्वांत चांगला तुकडा, आणि इथे दहा मिनिटे एका ठिकाणी थांबावे: मानशीपाशी.

खाजन म्हणजे नदीच्या भरतीच्या पातळीपेक्षा खोल असलेली शेतजमीन. तिला नदीपासून बांध वेगळे करतो आणि बांधातली दाराची जागा म्हणजे मानस. दार लाकडी, वरून टांगलेले किंवा बाजूला बिजागरीवर. त्याला ना मोटर, ना दारावर बसवलेला माणूस. भरतीचे पाणी बाहेरून दाबते तसे दार आपोआप घट्ट बसते आणि खारे पाणी शेतात येत नाही. ओहोटीला बाहेरचे पाणी खाली जाते, आतले वरचढ होते, दार ढकलून बाहेर पडते. त्याच वाटेत पिशवीसारखे जाळे लावले की पाण्याबरोबर निघालेली कोळंबी आणि शेवटे मासे त्यात सापडतात. दारात काटकी किंवा दगड अडकला तर मात्र फट राहते. भरतीत त्या फटीतून खारे पाणी आत घुसते आणि वेळेवर लक्षात आले नाही तर भाताचा हंगाम जातो. याच कारणाने या पट्ट्यात खारेपणा सोसणारे कोरगुट भात टिकले. बांधाची डागडुजी सोडली की खेकडे त्याला पोखरतात, एका उधाणात भोक रुंदावते, मग मातीचे गाडे ओतूनही भागत नाही. ओसाड पडलेले खाजन ओळखायला सोपे. भाताच्या जागी कांदळाची रोपे उभी असतात.

पिएदादच्या चर्चच्या पायऱ्यांवरून मांडवीचे दोन्ही फाटे दिसतात. तिथे बसायला वेळ ठेवावा, पण पावणेपाचच्या पुढे नको. नार्व्याची फेरी टेकडीपलीकडे, मालार गावाच्या अंगाला, आणखी तीन-चार किलोमीटर. दुचाकी नसेल तर इथे कुणाला तरी विचारून गाडीची सोय करावी. या धक्क्यावर गर्दी कमी, म्हणून खेपाही कमी. फलकावरच्या वेळेपेक्षा समोर बोट कुठे आहे ते बघावे. पलीकडच्या काठाला फाळका टेकलेला असेल आणि गाड्या उतरत असतील तर पंधरा मिनिटे नक्की. फाळका वर असेल आणि कोणी हलत नसेल तर खलाशी चहा पितोय. तो पिऊ द्यावा.

याच पाण्यावरून सप्तकोटेश्वर पलीकडे गेला. कदंब राजांचा हा देव मूळचा दिवाडीचा, त्याचे कोटितीर्थ अजून बेटावर आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर लिंग नदीपार नेले आणि डिचोलीच्या बाजूच्या नार्व्यात बसवले. १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला, आणि अलीकडच्या दुरुस्तीनंतर २०२३ मध्ये ते पुन्हा खुले झाले. नार्व्याच्या धक्क्यावरून देऊळ फार लांब नाही. रस्ता माडां-पोफळींतून आत वळत जातो, बाहेरून देऊळ दिसत नाही, जवळ गेल्यावर एकदम समोर येते. आत कोनाड्यासारख्या छोट्या गाभाऱ्यापुढे उभे राहिले की इतक्या खटपटीने देव का लपवला असेल ते जागेवरूनच समजते.

परतीचा प्रश्न बोटीतच उकलून घ्यावा, देवळातून निघाल्यावर नव्हे. दोन वाटा आहेत. आल्या वाटेने दिवाडी ओलांडून जुने गोवे, म्हणजे अंधारात खाजनातला रस्ता आणि दोन बोटी, किंवा नार्व्याहून डिचोलीला जाऊन तिथून पणजीची बस. दुसरी वाट लांबची, पण खात्रीची. पहिलीचा मोह झाला तर नार्व्याच्या खलाशालाच विचारावे की शेवटची खेप किती वाजता आणि जुन्या गोव्याकडची मिळेल का. तो वेळ सांगतो आणि बहुधा पुढे एक वाक्य जोडतो, "पाणी बघून". डिचोलीची बस त्या वाक्यानंतर ठरते.