धुतलेला कोयता

रावेरकडचा एक कच्चा कैदी आमच्या मनोविकार ओपीडीत तपासणीला आणला होता. सख्ख्या भावाचा खून. सोबतचा हवालदार दारातूनच म्हणाला, "मॅडम, सायको आहे. वेडा नाही, एवढं लिहून द्या. गाडी थांबलीय."

एका ओळीच्या दाखल्याची ही आपल्याकडची जुनी खोड. कागदांत आधीच्या डॉक्टरांचा शेराही तसलाच: 'सोंग करतो'. अहो, सोंग करणारा भास रंगवून सांगतो; हा लपवत होता. बोलता बोलता थांबायचा, मान कोपऱ्याकडे वळायची, ओठ हलायचे आणि मग पुन्हा "काही नाही".

आईला आत बोलावलं. मेला तोही तिचाच. हवालदाराचा 'सायको' म्हणजे आमच्या भाषेत समाजविघातक व्यक्तिमत्त्व; तसं म्हणायचं तर लक्षणं वयाच्या १५ वर्षांआधीपासून दिसावी लागतात, म्हणून शाळेपासून विचारत गेले. मारामाऱ्या, चोऱ्या, मुक्या जनावरांचे हाल? यातलं काहीच नाही. अलीकडे मात्र तो रात्री केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या कापत फिरायचा. भाऊ खताच्या टाकीतून विष सोडतो, ही त्याची खात्री. घरच्यांनी भगत केला, नळ्या जोडल्या. डॉक्टर कुणी केला नाही. राज्यातली जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीला. रावेरच्या माणसाने जायचं कुठे? आणि खून झाला की सगळे 'स्वभावच तसा' म्हणून मोकळे. याचा मला मनस्वी राग येतो. स्किझोफ्रेनियाचे, म्हणजे असे भास आणि संशय होणाऱ्या आजाराचे, बहुतेक रुग्ण कुणावर हात उगारत नाहीत. धोका वाढतो तो उपचाराविना राहिलेल्या आजाराने आणि नशेने.

कायद्याचा प्रश्न आणखी वेगळा. मनोविकारामुळे गुन्ह्यातून सूट देणारं कलम, पूर्वी भारतीय दंड संहितेचं ८४, आता भारतीय न्याय संहितेचं २२, नुसत्या आजारावर थांबत नाही. कृत्य करताना आपण काय करतोय, ते चूक किंवा बेकायदा आहे, हे कळण्याची कुवत होती का, हे पाहतं. पोलिसांचं उत्तर तयार होतं: कोयता विहिरीवर नेऊन धुतला, म्हणजे पुरावा नष्ट केला, म्हणजे कळत होतं.

"का धुतला रे?"

"त्याच्या रक्तात इख व्हतं, मॅडम. धुतलं नसतं त साऱ्या बागाले लागलं असतं."

अहवालात हे वाक्य जसंच्या तसं घेतलंय. पण त्यानंतर तो उजाडेपर्यंत गोठ्यात दडून होता, तेही लिहावं लागलं. विषाच्या भीतीने की पोलिसांच्या, हे त्याच्याकडून मला काढता आलं नाही, आणि सरकारी वकील साक्षीत नेमकं तेच विचारणार.