मॅटरहॉर्नची सोंड

युरोपच्या सहली नेताना स्वित्झर्लंडच्या झरमॅट गावातलं माझं काम ठरलेलं असतं. पुढे पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी, म्हणून बस टॅशला सोडायची, आगगाडीने गावात यायचं आणि समोरच्या मॅटरहॉर्न शिखरासोबत सगळ्यांचे फोटो काढून द्यायचे. "शिखरापर्यंत रोपवे जातो का?" हा प्रश्न हमखास येतो. नाही जात.

त्या खेपेला जुन्नरकडचे एक निवृत्त शिक्षक होते, तरुणपणी सह्याद्री पालथा घातलेले. झरमॅट साधारण कळसूबाईच्या उंचीवर वसलंय, तिथून डोंगर आणखी पावणेतीन-तीन हजार मीटर वर उठतो, थेट 4478 मीटरपर्यंत. काकांना जीवधनजवळचा वानरलिंगी सुळका आठवला. म्हणाले, "वानरलिंगीच की ही! चढले कसे?"

रोपवेने ट्रॉकेनर स्टेगला (2939 मीटर) पोचलो. मंडळींनी बाकरवडीची पुडकी सोडली. काका मात्र कठड्याशी. जरा वेळाने हाक आली, "अरे इकडे ये. उजवीकडे बघ. उभा कडा कुठंय? सोंड आहे ही!"

ती हॉर्नलीची धार, मॅटरहॉर्नची ईशान्येकडची सोंड. एवढी वर्षं मी तिच्याकडे पाठ करून फोटोच काढत होतो! गावातून भिंत वाटणारी पूर्वेची बाजू प्रत्यक्षात जेमतेम चाळीस अंशांची आहे, हे इंग्रज गिर्यारोहक एडवर्ड व्हिंपरने ओळखलं होतं. त्याआधी तो इटलीच्या बाजूने पुन्हापुन्हा हरला होता. खडकाचे थर तिकडे कललेले, त्यामुळे तिकडून चढताना पायाखालचा कातळ बाहेर उतरता. इकडून त्याच थरांच्या पायऱ्या होतात. 14 जुलै 1865 ला व्हिंपरसह सातजण याच बाजूने पहिल्यांदा माथ्यावर पोचले.

"आणि उतरताना?" काकांनी लगेच विचारलं. डोंगरातला माणूस उतराईचंच विचारणार. त्या सातांपैकी हॅडो घसरला, त्याच्यासोबत क्रो, हडसन आणि लॉर्ड डग्लस गेले. डग्लस आणि वाटाड्या थोरला टाउगवाल्डर यांच्यामधली दोरी तुटली म्हणून बाकी तिघे वाचले. डग्लसचा देह कधीच सापडला नाही.

दुपारी खरेदीची वेळ होती, पण काकांना मी संग्रहालयात नेलं. तो दोरीचा तुकडा तिथे ठेवलाय. टाउगवाल्डरने दोरी कापली, अशी कुजबुज चौकशीत तो निर्दोष ठरल्यावरही चालूच राहिली. काका काचेवर वाकले. "कापलेली दोरी अशी पिंजत नाही. पण एवढी बारीक दोरी माणसांना बांधलीच कशाला?" माझाही प्रश्न तोच आहे, सोबत जाड दोर होते.

"पुढच्या वेळी हॉर्नली हटपर्यंत चालत नेशील?" त्यांनी विचारलं. हट म्हणजे त्या धारेवरचं गिर्यारोहकांचं मुक्कामघर, 3260 मीटरवर. आमच्या कार्यक्रमात ते बसत नाही, हे सांगावं लागलं. टॅशची गाडी गाठायची होती.